शे-दोनशे जुन्या हार्ड डिस्क कायमच्या कशा संपवायच्या: सोलापुरातल्या कार्यालयांसाठी

मार्चअखेरीला नवे संगणक येतात आणि जुने जिन्याखालच्या खोलीत जातात. पतसंस्था असो, साखर कारखान्याचं शेतकी खातं असो, दवाखाना असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, सगळीकडे हेच चालतं. तीन-चार वर्षांनी ती खोली रिकामी करायची वेळ येते आणि सगळा ढीग किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतो. त्या ढिगात सभासदांचे पॅन आणि आधार असतात, शेतकऱ्यांच्या ऊसनोंदी आणि बँक खाते क्रमांक असतात, रुग्णांचे रिपोर्ट असतात, कामगारांचे पीएफचे तपशील असतात. ही माहिती लोकांनी आपल्या भरवशावर दिलेली असते. ती भंगाराच्या दुकानात पोचता कामा नये, एवढ्यासाठी हा लेख.

फाइल डिलीट केली की फक्त अनुक्रमणिकेतली तिची ओळ खोडली जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. क्विक फॉरमॅटनेही तेवढंच होतं. फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने अशा डिस्कमधून फोटो आणि एक्सेलच्या फाइली तासाभरात बाहेर येतात. डिस्क 'खराब' झाली म्हणून निर्धास्त राहणं तर आणखी धोक्याचं. बऱ्याचदा खालचं सर्किटचं कार्ड जळलेलं असतं आणि आतल्या तबकड्या पूर्ण शाबूत असतात. जाणकार माणूस कार्ड बदलून, त्यावरची एक छोटी चिप जुन्या कार्डावरून नव्यावर घेऊन ती डिस्क पुन्हा वाचतो. म्हणून पिना वाकवणं, कार्ड तोडणं, केबलची जागा फोडणं यांना काही अर्थ नाही. माहिती तबकडीवर असते, तेव्हा काम तबकडीवरच करायला हवं.

आधी कागद

फोडण्याच्या घाईत गरजेची माहिती नष्ट होऊ नये. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनी कायद्याखाली येणाऱ्या संस्थेची हिशेबपुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. कोर्टात किंवा सहकार खात्याकडे वाद चालू असेल तर त्याच्याशी संबंधित डिस्कला निकालापर्यंत हात लावायचा नाही. आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून बघा, मगच पुढे जा.

सहकारी संस्थेत मासिक सभेत ठराव घ्या. शाळा-कॉलेज आणि सरकारी कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि निर्लेखनाची (निरुपयोगी वस्तू नोंदीतून कमी करण्याची) प्रक्रिया असते, ती पूर्ण करा. इथे एक चूक नेहमी होते. निर्लेखन 'संगणक संच' म्हणून होतं आणि आतल्या डिस्कची वेगळी नोंदच होत नाही. ठरावात 'संचातील हार्ड डिस्क काढून, क्रमांकनिहाय नोंद करून नष्ट करणे' असं स्पष्ट वाक्य घाला.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात कधीही १,००० किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी संस्था त्यात 'बल्क कन्झ्युमर' ठरते, आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) यांच्यासारख्या यंत्रणेकडेच द्यायचा असतो. नोंदणीकृतांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर आहे. संस्था छोटी असली तरी याच वाटेने जावं. उघड्यावर तारा आणि कार्डं जाळून तांबं काढलं जातं तेव्हा तो धूर आपल्याच गावाच्या हवेत जातो.

मोजणी: सगळं काम इथेच जिंकतं किंवा हरतं

घणाने किती जोरात मारलं यापेक्षा एकही डिस्क नजरेतून सुटली नाही ना, हे शंभरपट महत्त्वाचं आहे. १९९ डिस्कचा भुगा झाला आणि २००वी कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहिली, तर सगळी मेहनत फुकट. माहिती फुटते ती डिस्क फोडताना नव्हे, खोलीत पडून असताना आणि वाटेत.

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये हे रकाने करा: अनुक्रमांक, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, प्रकार, क्षमता, कोणत्या संगणकातून काढली, काय केलं, तारीख, दोघांच्या सह्या. सिरीयल नंबर लेबलवर 'एस/एन' पुढे असतो. हाताने उतरवताना शून्य आणि ओ, ८ आणि बी यांची गल्लत होतेच होते. दुकानात बिलासाठी वापरतात तो बारकोड स्कॅनर संगणकाला लावला की नंबर थेट रकान्यात पडतो, आणि दोन माणसांनी दोनशे डिस्क दुपारपर्यंत नोंदून होतात. मात्र लेबलवर तीन-चार बारकोड असतात. स्कॅन केलेली अक्षरं छापील सिरीयल नंबरशी जुळतात का, हे पहिल्या दहा डिस्कला डोळ्यांनी तपासा. स्कॅनर नसेल तर प्रत्येक लेबलचा फोटो काढा.

नोंदलेल्या डिस्कवर जाड मार्करने अनुक्रमांक घाला, कारण पुढे लेबल फाटतं. डिस्क क्रेटमध्ये, क्रेट कुलपाच्या कपाटात आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. क्रेट हलवताना दोघं हजर असावेत, एकट्याने नाही.

मग लपलेल्या डिस्क शोधा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या डब्यात) साधारण १ ते ४ डिस्क असतात. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही बहुधा हार्ड डिस्क असते आणि तिच्यात स्कॅन झालेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. मशीन भाड्याचं असेल तर परत करण्यापूर्वी पुरवठादाराला विचारा, डिस्क पुसल्याचं लेखी घ्या. सर्व्हरमध्ये समोरच्या ट्रेमधल्या डिस्क दिसतात, पण आत मदरबोर्डवर एक छोटी एम-डॉट-टू चिपपट्टी राहून जाते. लॅपटॉपमध्येही असंच: हार्ड डिस्क काढली म्हणून समाधान मानलं जातं आणि शेजारची पट्टी तशीच विकली जाते. अकाउंटंटच्या कपाटातल्या बॅकअपच्या एक्स्टर्नल डिस्क आणि पेन ड्राइव्हही याच यादीत घ्या.

तीन ढीग करा

यादी झाली की वर्गवारी. पहिल्या ढिगात चालू असलेल्या, ५०० जीबी आणि त्यापुढच्या साटा (आजच्या नेहमीच्या अरुंद जोडणीच्या) डिस्क. या पुसून पुन्हा वापरता येतात, शाळेला देता येतात. दुसऱ्यात जुन्या आयडीई डिस्क (रुंद ४० पिनांच्या), आवाज करणाऱ्या, बॅड सेक्टरवाल्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) आणि मुळात सुरूच न होणाऱ्या. या पुसत बसण्यात वेळ घालवू नका, थेट फोडा. तिसऱ्या ढिगात सगळ्या एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या), एम-डॉट-टू, पेन ड्राइव्ह. यांना वेगळी वागणूक लागते, ती पुढे येते.

'हायब्रिड' किंवा 'एसएसएचडी' असं लेबल असलेली डिस्क तबकडीवर आणि चिपवर दोन्हीकडे माहिती ठेवते. ती दुसऱ्या ढिगात टाका आणि तिचं कार्डही तोडायचं आहे अशी खूण करा.

पुसणं

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. ती क्लिअर (साधं पुसणं), पर्ज (खोलवर पुसणं) आणि डिस्ट्रॉय (नष्ट करणं) अशा तीन पायऱ्या मानते. आजच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्य लिहिलं तर आधीची माहिती सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. ३५ वेळा पुसायचा जो आग्रह ऐकू येतो तो पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातून आला, आणि तो तेव्हाच्या वेगवेगळ्या लेखनपद्धतींसाठी होता. आज ३५ फेऱ्या म्हणजे वेळ आणि वीज वाया. एक फेरी लिहिण्याची, एक फेरी तपासणीची, बस.

मांडणी अशी करा. ४ ते ६ साटा पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप घ्या. त्याची स्वतःची डिस्क काढून बाजूला ठेवा. चुकून नको ती डिस्क पुसली जाण्याचा धोका यानेच संपतो. श्रेडओएस नावाची छोटी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर टाका आणि तिच्यावरून संगणक चालू करा. त्यात एनवाइप हा पुसण्याचा प्रोग्रॅम थेट उघडतो आणि जोडलेल्या सगळ्या डिस्क सिरीयल नंबरासह दिसतात. तो नंबर वहीशी जुळवा. पद्धत निवडताना अनेक फेऱ्यांची पद्धत आधीच निवडलेली असू शकते. ती बदलून 'झीरो फिल' घ्या आणि शेवटची फेरी तपासण्याचा पर्याय चालू ठेवा. डीबॅन हा पुसण्याचा जुना प्रोग्रॅम अजून बऱ्याच जणांच्या सीडीवर असतो, पण त्याचा विकास थांबून बरीच वर्षं झाली आहेत. विंडोजमध्येच करायचं असेल तर डिस्कपार्ट या त्यातल्याच प्रोग्रॅममधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. नुसती 'क्लीन' दिली तर फक्त विभागणी उडते, मजकूर राहतो. एका शब्दाचा फरक आहे, नीट बघा.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या ५०० जीबीच्या डिस्कला सुमारे ८५ मिनिटं लागतात, तपासणीला जवळपास तेवढीच. म्हणजे पावणेतीन-तीन तास धरा. ६ डिस्कचं एक मशीन दिवसात तीन फेऱ्या करतं, १८ डिस्क होतात. दोन मशीन लावली तर शंभर डिस्कना तीन दिवस. यूएसबी २.० च्या डॉकवर वेग सेकंदाला ३०-३५ एमबीवर येतो आणि हेच काम तिप्पट लांबतं, म्हणून डिस्क थेट मदरबोर्डला जोडा.

काय बिघडतं? पहिलं म्हणजे एसएमपीएस, संगणकाला वीज पुरवणारा डबा. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या की १२ अँपिअर. स्वस्तातला जुना एसएमपीएस तिथे मान टाकतो: डिस्क 'टक-टक' करत राहतात, यादीत दिसतात आणि गायब होतात. डिस्क खराब समजून लोक ती फेकतात, दोष मात्र पुरवठ्याचा असतो. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस लावा आणि एका वायरीवर चार-चार स्प्लिटर जोडू नका.

दुसरं, सोलापूरचा उन्हाळा. बहुतेक डिस्कची कामाची कमाल मर्यादा ६० अंश असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रा आणि सहा डिस्क एकमेकींना चिकटून तासन् तास लिहीत असतील, तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. एनवाइपच्या पडद्यावर तापमान दिसतं. ५५ च्या पुढे गेलं की थांबा. डिस्कमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा, समोर टेबल फॅन लावा आणि शक्यतो हे काम थंडीत उरका. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर रात्रपाळी लावा.

तिसरं, वीज. शून्य लिहिताना लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून, एवढंच नुकसान. पण डिस्कच्या आतली 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरत असाल तर गोष्ट वेगळी. ही आज्ञा एचडीपार्म या प्रोग्रॅमने देतात. ती डिस्क स्वतःच पुसते आणि वापरातून काढलेल्या सेक्टरपर्यंतही पोचू शकते, म्हणून ती चांगली. मात्र तिच्यासाठी आधी डिस्कवर पासवर्ड ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली की डिस्क कुलूपबंद राहते आणि पासवर्ड माहीत नसेल तर कुणालाच उघडत नाही. सगळ्या डिस्कना एकच सोपा पासवर्ड द्या, तो भिंतीवर कागदावर लिहून ठेवा आणि मशीन यूपीएसवर चालवा. बऱ्याच मदरबोर्डवर डिस्क 'फ्रोझन' दाखवते आणि आज्ञा घेत नाही. संगणक स्लीपमध्ये घालून परत जागा केला की बहुधा हे बंधन सुटतं.

सर्व्हरच्या रेड कार्डमागे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डामागे) असलेल्या डिस्क प्रोग्रॅमला एकच मोठी डिस्क म्हणून दिसतात. त्या कार्डावरून काढून साध्या साटा पोर्टला एकेक जोडून पुसा. सॅस डिस्क (सर्व्हरमधली वेगळ्या जोडणीची) साध्या पोर्टला लागत नाही, तिच्यासाठी योग्य कार्ड नसेल तर ती सरळ दुसऱ्या ढिगात.

पुसताना एकही चूक दाखवलेली डिस्क 'पुसलेली' मानायची नाही, तीही फोडायची. आणि पुसून झालेल्यांपैकी दहातली एक उचलून दुसऱ्या माणसाने हेक्स व्ह्यूअरमध्ये (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडावी, सुरुवात, मध्य आणि शेवट बघावा. सगळीकडे शून्यच दिसायला हवं.

ड्रिलने फोडणं

वेगाने आणि स्थानिक साधनांनी दुसरा ढीग संपवायचा तर पिलर ड्रिल हा उत्तम मार्ग. यंत्रमागाच्या गावात फॅब्रिकेशनच्या आणि लेथच्या वर्कशॉपांना तोटा नाही. वर्कशॉप दिवसभरासाठी ठरवा, आपली दोन माणसं तिथे शेवटपर्यंत बसवा आणि डिस्क तिथे रात्री ठेवू नका.

साडेतीन इंची डिस्क उलटी केली की खालच्या बाजूला मोटरचा गोल दिसतो. तबकडीचा मध्य तोच. तबकडीचा व्यास साधारण ९५ मिमी असतो, म्हणून मोटरच्या मध्यापासून ३० ते ३५ मिमी अंतरावर, एकमेकांपासून लांब, तीन खुणा करा. पत्र्याचा एक साचा कापून घेतला तर दर वेळी मोजावं लागत नाही. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला हे अंतर २० ते २५ मिमी. मध्यावर भोक पाडायला जाऊ नका. तिथे मोटरचं पोलाद असतं, बिट जळते आणि माहितीला धक्काही लागत नाही.

बिट ८ ते १० मिमी एचएसएसची (हायस्पीड स्टीलची), फेरे मिनिटाला ८०० ते १०००. डिस्क ड्रिल-व्हाइसमध्ये घट्ट धरा, खाली लाकडाची फळी. हाताने धरून ड्रिल करणं पूर्ण निषिद्ध. तबकड्यांच्या मधे पोकळी असते, बिट एका तबकडीतून निसटून दुसरीत अडकते आणि डिस्क गरकन फिरते. मनगट मोडायला एवढं पुरे. बाहेरच्या कवचातून टोक आत गेलं की लिव्हर एकदम हलका लागतो, मग तबकडीवर 'खर्र' आवाज येतो, पुन्हा हलका, पुन्हा खर्र. जितक्या तबकड्या तितक्या वेळा. टोक फळीत शिरेपर्यंत थांबू नका, वरची एकच तबकडी भोसकून उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा बिटला चिकटून चांदीसारखा गोळा होतो आणि बिट कापायचं सोडून घासायला लागते. दर थोड्या वेळाने बिट वर घ्या आणि कटिंग ऑइलचे दोन थेंब टाका. हात बसला की एका डिस्कला दोन-सव्वादोन मिनिटं, तासाला २५ डिस्क. शंभर डिस्कना तीन-चार बिटी जवळ ठेवा, बोथट बिट दाबून चालवण्यापेक्षा बदललेली बरी.

अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बहुतेक काचेच्या असतात. बिट टेकताच त्या फुटतात. डिस्क कानाजवळ हलवली की बांगडीचे तुकडे पिशवीत वाजावेत तसा आवाज येतो, म्हणजे काम झालं. आवाज आला नाही तर आणखी एक भोक. ८ टीबी आणि त्यापुढच्या काही डिस्क हेलियम भरून वेल्डिंगने बंद केलेल्या असतात. भोक पडताच तो वायू निघून जातो, त्याने इजा होत नाही.

डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवाच, साधा चष्मा चालत नाही. नाकावर एन-९५ मास्क. चालू ड्रिलजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही नको, बिट कापड क्षणात गुंडाळते. चुरा हाताने झाडू नका, ब्रश वापरा. हातमोजे घालायचे ते फोडलेल्या डिस्क उचलताना.

भोकं पाडलेल्या तबकडीच्या उरलेल्या भागावर माहिती असतेच, आणि अत्यंत महागड्या प्रयोगशाळेत तिचे तुकडे वाचण्याची शक्यता एनआयएसटीही नाकारत नाही. पतसंस्था किंवा दवाखान्यासाठी ड्रिल पुरेसं आहे असं आमचं मत. पण चालू डिस्क असेल आणि आतली माहिती फार नाजूक असेल, तर आधी पुसा, मग भोकं पाडा. दोन्ही मिळून शंका उरत नाही.

प्रेस, घण आणि पान्याने उघडणं

गाडीच्या गॅरेजमध्ये बेअरिंग काढायला असतो तो हायड्रॉलिक प्रेस या कामाला छान चालतो. १० टनांचा पुरतो, २० टनांचा असेल तर आणखी सोपं. डिस्कच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी ठोकळे, वर मध्यावर आडवी पाचर, आणि डिस्क 'व्ही' आकारात वाकेपर्यंत दाब. तबकड्या एक तर वाकतात, नाही तर तडकतात. ड्रिलपेक्षा हे वेगवान आणि चुराही कमी. समोर जाड पॉलिकार्बोनेटची शीट आडवी लावा, काचेचे कण गोळीसारखे उडतात.

काहीच साधन नसेल आणि डिस्क दहा-वीसच असतील तर घण आहे. डिस्क जुन्या जाड सोलापुरी चादरीच्या चार घड्यांत गुंडाळा, सिमेंटच्या फरशीवर नव्हे तर लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि तबकडीच्या बाजूला मारा. नुसतं कवच चेपलं आणि आतली तबकडी सपाट राहिली, असं घणाच्या कामात वारंवार होतं. म्हणून प्रत्येक डिस्क उघडून बघणं आलं, आणि दोनशेच्या ढिगाला ते परवडत नाही.

पान्याने उघडून तबकड्या काढण्याचंही तसंच. टॉर्क्स टी-८ लागतो, लॅपटॉपच्या डिस्कला टी-६. सोलापुरातल्या हार्डवेअरच्या दुकानात 'स्टार' मागितलात तर फिलिप्स हातात पडेल. सहा टोकांचा टॉर्क्स म्हणा, नंबर सांगा. एक स्क्रू नेमका लेबलच्या खाली लपलेला असतो, बोट फिरवून खळगा शोधा. एका डिस्कला पाच-सहा मिनिटं, म्हणजे दोनशेला वीस तास. आतली निओडायमियमची चुंबकं बोटं चेमटवतात, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने त्यांच्याजवळ जाऊ नये.

डिस्क जाळू नका, अ‍ॅसिडमध्ये टाकू नका. विषारी वायू मिळेल आणि तबकडी फुटलीच याची खात्री मिळणार नाही. स्पीकरचं चुंबक घासण्यानेही काही होत नाही.

डिगॉसर आणि श्रेडर

डिगॉसर हे यंत्र तीव्र चुंबकीय झटक्याने तबकडीवरची सगळी आखणी उडवून टाकतं. अलीकडच्या बहुतेक डिस्कची रोधशक्ती (चुंबकाने पुसलं जाण्याला होणारा विरोध) ५,००० ऑर्स्टेडच्या (चुंबकीय तीव्रतेचं एकक) आसपास जाते, त्यामुळे यंत्र १०,००० किंवा त्याहून जास्त ऑर्स्टेडचं हवं. जुन्या टेपसाठी घेतलेलं यंत्र इथे चालत नाही. झटक्यानंतर डिस्क कायमची बंद पडते, कारण हेडला वाट दाखवणाऱ्या सर्वो खुणाही पुसल्या जातात. म्हणजे काम झालं की नाही हे वाचून तपासता येत नाही, यंत्राच्या कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर भिस्त. एसएसडीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

श्रेडर सर्वांत वेगवान, एका डिस्कला काही सेकंद. तुकडा केवढा, हे करारात लिहून घ्या. डीआयएन ६६३९९ या मानकात एच-४ म्हणजे तुकडा कमाल २,००० चौरस मिमी, एच-५ म्हणजे कमाल ३२० चौरस मिमी. सामान्य कार्यालयाला एच-४ पुरे, रुग्ण आणि कर्जदारांच्या माहितीसाठी एच-५ मागा. श्रेडर बसवलेली गाडी आपल्या दारात बोलावता आली तर पहिली पसंती तिला. डिस्क पुण्याला पाठवायच्या असतील तर सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेची जबाबदारी आपली. त्या पाठवण्यापूर्वी निदान एकेक भोक पाडून पाठवा. क्रेटला क्रमांकाचं सील, सीलचा फोटो, छोट्या हत्तीत आपला माणूस आणि वाटेत दुसऱ्या मालासाठी थांबा नाही.

लॅपटॉप, डीव्हीआर किंवा रेड कार्ड अख्खं श्रेडरमध्ये किंवा प्रेसखाली देऊ नका. आतली बॅटरी चिरडली की आग लागते.

एसएसडी

यांच्यात तबकडी नसते, काळ्या चिपा असतात. सगळ्या चिपांची झीज सारखीच व्हावी म्हणून एसएसडी स्वतःच माहिती इकडून तिकडे हलवते, म्हणून वरून शून्य लिहिलं तरी काही भाग सुटतो. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली सिक्युअर इरेज, किंवा एनव्हीएमई (नव्या वेगवान प्रकारची एसएसडी) असेल तर 'सॅनिटाइझ' आज्ञा द्या. पहिल्या दिवसापासून बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि रिकव्हरी कीच्या सगळ्या प्रती नष्ट केल्या, तर उरलेला मजकूर वाचण्याजोगा राहत नाही. नवे संगणक घेताना हे चालू करा आणि रिकव्हरी की कुलपात ठेवा.

फोडताना कवच उघडून प्रत्येक चिप वेगळी तोडायची. अडीच इंची कवचात कार्ड निम्म्याच जागेत असतं; मध्यावर पाडलेलं भोक बऱ्याचदा रिकाम्या प्लास्टिकमधून जातं आणि चिपा तशाच राहतात. एम-डॉट-टू पट्टी मधोमध मोडली तरी दोन्ही अर्ध्यांवरच्या चिपा शाबूत असू शकतात. छिन्नी लावून प्रत्येक चिपेचे तुकडे करा. अमेरिकेच्या एनएसए या सुरक्षा संस्थेची एसएसडीच्या तुकड्यासाठीची मर्यादा २ मिमी आहे, ती हाताने गाठता येत नाही. एवढी गरज असेल तर एसएसडीसाठीचं वेगळं यंत्र असलेला रिसायकलरच गाठा.

शेवटची पावती

फोडलेल्या डिस्क दहा-दहाच्या रांगेत मांडून अनुक्रमांक दिसतील असे फोटो काढा आणि वहीत टिक करा. मग वजन करा. साडेतीन इंची डिस्क ४०० ते ७०० ग्रॅमची, लॅपटॉपची सुमारे १०० ग्रॅमची. निघताना काट्यावर जेवढं भरलं तेवढंच रिसायकलरच्या काट्यावर भरायला हवं, दोन्ही पावत्या वहीला टाचा.

रिसायकलरकडून '१२० किलो ई-कचरा मिळाला' एवढीच पावती घेऊ नका, ती नष्ट केल्याचं प्रमाणपत्र ठरत नाही. प्रमाणपत्रात प्रत्येक डिस्कची कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, वापरलेली पद्धत आणि यंत्र, तपासणी कशी केली, तारीख, ठिकाण, नाव आणि सही हवी. आलेली यादी आपल्या वहीशी ओळीने ताडून बघा. एक जरी नंबर कमी असेल तर बिल थांबवा आणि तो नंबर सापडेपर्यंत क्रेटची मोजणी पुन्हा करा. यादी पूर्ण जुळली की ठरावाची प्रत, वही, फोटोंची सीडी आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये बांधून डेडस्टॉक रजिस्टरच्या शेजारी ठेवा, पुढच्या ऑडिटला तीच फाइल मागितली जाते.